दोन दुष्काळ आणि केडगावचे मुक्तिसदन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाच वर्षांत पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानावर दोन मोठे दुष्काळ लागोपाठ आले. १८९६ साली पाऊस वेळेआधीच ओसरला, खरिपाचे पीक हातचे गेले आणि जमिनीत ओल नसल्यामुळे अनेक ठिकाणी रब्बीची पेरणीच होऊ शकली नाही. मध्य प्रांतात त्याआधीची काही वर्षेही नापिकीची गेली होती, त्यामुळे शेतकऱ्याची कणगी दुष्काळ जाहीर होण्यापूर्वीच रिकामी झालेली होती. या तडाख्यातून गावे सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पाऊस त्याहूनही वाईट रीतीने हुकला आणि गुजरात, काठेवाड, राजपुताना, मध्य प्रांत व मुंबई इलाख्याचा मोठा भाग होरपळून निघाला. विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला हा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. देशात धान्य अजिबात नव्हते असे नाही; आगगाडीने ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आणि बंदरांकडे जातच होते, परंतु ज्यांची मजुरी शेतीवर अवलंबून होती त्यांच्यापाशी, भाव चढलेले असताना, ते विकत घेण्याइतका पैसा नव्हता.

सरकारने १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळ-निवारणाची नियमावली, तयार केली होती. तिच्यानुसार धडधाकट माणसांना खडी फोडण्याचे, रस्ते बांधण्याचे किंवा तलाव खणण्याचे काम मिळे आणि अशक्तांना गरीबखान्यांत ठेवले जाई. या व्यवस्थेने असंख्य जीव वाचवले हे खरे असले, तरी ती कुटुंबाच्या आधाराने जगणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. ज्या मुलीचे आईबाप वाटेतच दगावले होते, किंवा जी विधवा दुष्काळापूर्वीच घरात नकोशी झाली होती, तिला खडीच्या कामावर आणि गरीबखान्यात भुकेखेरीज मुकादमांची, पहारेकऱ्यांची आणि मुली पळवणाऱ्या दलालांचीही भीती होती. पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्तिसदन नेमक्या याच मुलींसाठी उभे राहिले. त्या संस्थेचा इतिहास समजून घेण्यासाठी १८९६ च्या आधी वीस वर्षे मागे, दक्षिणेतल्या आणखी एका दुष्काळाकडे जावे लागते. कारण रमाबाईंची पुढची ईश्वरनिष्ठा त्या दुष्काळात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधत घडत गेली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकताना पाहिले होते आणि तेव्हापासून आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवायचे असे त्यांनी ठरवले होते. घरच्यांचा आणि जातीचा विरोध झाला तेव्हा ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन रानात राहायला गेले. पुढे लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवले. घरकामाच्या रगाड्यात दिवसा सवड मिळत नसे, म्हणून त्या पहाटे, पाखरांची किलबिल सुरू होण्याच्या वेळी, मुलीला मांडीवर घेऊन जागे करीत आणि पाठ देत. रमाबाईंनी पुढे या पहाटेची आठवण मोठ्या कृतज्ञतेने नोंदवली आहे. ज्ञान, आईची माया आणि रानातली सकाळ या तीन गोष्टी त्यांच्या मनात पहिल्यापासून एकत्र नांदत होत्या, आणि आयुष्याने पुढे त्यांच्याकडून जवळजवळ सगळे हिरावून घेतले तरी ही सांगड तुटली नाही.

यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात आणि दानधर्मात अनंतशास्त्र्यांची मालमत्ता संपली आणि कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे वाचत, लोक देतील त्या दक्षिणेवर गुजराण करत हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत टंचाई वाढू लागली तेव्हा ती दक्षिणाही आटली. दागिने, वस्त्रे, तांब्यापितळेची भांडी एकामागून एक विकली गेली, परंतु मोलमजुरी करणे शास्त्री घराण्याला शोभणारे नव्हते आणि कुणाही मुलाला पोट भरण्याची दुसरी विद्या शिकवलेली नव्हती. उरलेला पैसाही देवतांच्या प्रसन्नतेसाठी अनुष्ठानांत खर्च झाला. अखेरीस रानात झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने, आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू, असे म्हणून त्यांना थांबवले. मजुरीचा हा निर्णय फार उशिरा झाला. थोड्याच दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि त्यानंतर थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून ठेंगण्या रमाबाईंना आपला भार डोक्यावर घेऊन चालावे लागले. त्या वेळी त्यांचे वय १६ वर्षांचे होते.

पुढची काही वर्षे ही भावंडे पायी देशभर हिंडली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी, अंगावर पुरेसे पांघरूण नसल्यामुळे, वाळूत खड्डे करून आणि अंगावर वाळू ओढून घेऊन त्यांनी थंडीच्या रात्री काढल्याचे रमाबाईंनी लिहिले आहे. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली, तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि उपाशी भटकणारी मुलगी एकाएकी सर्वांच्या आदराचा विषय झाली. पण १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मांडीवर मनोरमा ही वर्षाचीही न झालेली मुलगी घेऊन २३ वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. तेथे बहिरेपण वाढत गेल्यामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या बाप्तिस्म्याने त्यांचे सगळे प्रश्न मिटले असे समजणे चुकीचे ठरेल. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचला तर त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांचे आज्ञापालन या दोन्हींविषयी त्या किती निर्भयपणे वाद घालत होत्या हे दिसते. पुढे ‘माझी साक्ष’ या आत्मकथनात त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे की, इंग्लंडात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. त्या अनुभवाचे सार असे होते की देव आपल्या योग्यतेचा, दानाचा किंवा विधींचा मोबदला म्हणून जवळ येत नाही, तो आधीच जवळ आलेला असतो. ज्या स्त्रीने घरातला शेवटचा पैसा अनुष्ठानात जाताना आणि त्यानंतर आईला उपासमारीने मरताना पाहिले होते, तिच्यासाठी हा तात्त्विक मुद्दा नव्हता. आई-वडिलांच्या श्रद्धेविषयी रमाबाईंनी कधी तुच्छतेने लिहिले नाही; तितकीच गाढ श्रद्धा त्यांना हवी होती, पण ती माणसाला हातावर हात ठेवून बसायला न लावणारी असावी, एवढा धडा त्यांनी त्या मृत्यूंतून घेतला.

दरम्यान १८८६ मध्ये, आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाच्या निमित्ताने, रमाबाई अमेरिकेला गेल्या होत्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि त्या संस्थेने विधवांच्या शाळेला १० वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील आणि उच्चवर्णीय मुलींचे खाण्यापिण्याचे नियम पाळले जातील, अशी व्यवस्था होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’तून कडक टीका झाली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांच्या बाजूने पाहिले तर त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. ज्या विश्वासावर त्यांनी मुली सोपवल्या होत्या त्याला तडा गेल्याची त्यांची भावना होती. दुसरीकडे, आपण काय मानतो हे मुलींपासून लपवून ठेवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते.

शारदा सदनातल्या एका गोष्टीकडे मात्र या वादाच्या धुरळ्यात पुरेसे लक्ष गेले नाही. त्या काळच्या ब्राह्मण विधवेला केस, रंगीत लुगडे, कुंकू आणि फूल, म्हणजे डोळ्यांना सुखावणारे जे जे काही होते ते सर्व वर्ज्य होते. सौंदर्यापासून दूर राहणे हे तिच्या शिक्षेचेच एक अंग होते. रमाबाईंनी मुलींना अक्षरओळख करून देताना त्यांना बागेत मोकळेपणी हिंडूही दिले, झाडे लावायला शिकवले, गाण्याला वाव दिला. हे सारे वरवरचे लाड वाटू शकले असते, पण देवाने निर्माण केलेली फुले पाहण्याचा हक्क विधवेलाही आहे, असे तेथे रोजच्या वागण्यातून सांगितले जात होते. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि कर्व्यांनी पुढे उभारलेल्या हिंदू विधवांच्या आश्रमाच्या पाठीशी शारदा सदनाचा हा अनुभव होता.

बोस्टनचे १० वर्षांचे वचन एक दिवस संपणार हे रमाबाईंना माहीत होते. म्हणून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि तेथे आंबे, संत्री, लिंबे अशी फळबाग लावायला सुरुवात केली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी असा त्यांचा हिशोब होता. केडगावचा भाग कमी पावसाचा, माळरानाचा. तेथे फळझाडे जगवायची म्हणजे आधी विहिरी खणायच्या, आणि त्या खणल्या गेल्या. पुढे जे घडले ते पाहता या विहिरींचे महत्त्व शाळेच्या इमारतीपेक्षा कमी नव्हते.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे एक शिबिर भरले होते. रमाबाई आपल्या १५ ख्रिस्ती मुलींना घेऊन तेथे गेल्या होत्या. एके दिवशी सकाळी त्या रानातल्या एकांत जागी जाऊन बसल्या असता, कोवळ्या उन्हात, या १५ लेकींबद्दल देवाचे आभार मानताना त्यांच्या मनात एक विलक्षण मागणी आली, की या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे १५ च्या २२५ व्हाव्यात. गंगामूळच्या पहाटेशी या सकाळचे नाते त्यांनी जोडल्याचे दिसत नाही, परंतु त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी पाऊस हुकला. मध्य प्रांतातून भुकेच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंनी प्रथम मनाला आवरण्याचा प्रयत्न केला. हाती पैसा थोडा होता आणि अंगावरची जबाबदारी मोठी होती. पण वीस वर्षांपूर्वीच्या उपासमारीच्या आठवणी त्यांना स्वस्थ बसू देईनात, असे त्यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या दुष्काळाच्या वृत्तान्तात सांगितले आहे. १८९७ च्या आरंभी त्या मध्य प्रांतात गेल्या, गरीबखाने आणि खडीची कामे पाहिली, हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड उठलेल्या, माणसाच्या जवळ यायलाही घाबरणाऱ्या मुली पाहिल्या, आणि त्यांतल्या शेकडो मुली टप्प्याटप्प्याने पुण्याकडे आणल्या.

पुण्याला नेमक्या त्याच महिन्यांत प्लेगने घेरले होते. घरे तपासून रोग्यांना आणि संशयितांना छावण्यांत नेले जात होते, रँड यांच्या प्लेग कमिटीच्या वागणुकीमुळे शहर धुमसत होते, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवला होता. अशा शहरात दुष्काळी मुलींचा नवा जमाव ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या फळबागेत नेले. तेथे घरे नव्हती. तंबू, झोपड्या आणि घाईने उभारलेल्या छपऱ्यांखाली मुलींची सोय झाली. त्याच सुमारास प्लेग-छावण्यांत स्त्रियांची कशी हेळसांड होते याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली आणि सरकारने ती अमान्य केली. देवावर भिस्त ठेवणारी ही स्त्री अधिकाऱ्यांसमोर गप्प बसणारी नव्हती, हे लक्षात ठेवलेले बरे. कारण भक्तिपर चरित्रांत तिचे सोशिक रूपच अधिक रंगवले गेले आहे. वर्ष संपण्याच्या सुमारास केडगावला आणि पुण्याला मिळून तिच्या छत्राखाली सुमारे ३०० नव्या मुली होत्या, आणि त्यांच्यापैकी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या लोणावळ्याच्या मागणीइतकी झाली, असे रमाबाईंनी आनंदाने नमूद केले.

१८९८ मध्ये बोस्टनच्या वचनाची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, जुन्या असोसिएशनच्या जागी नवी संस्था मदतीला उभी राहिली, आणि त्यांच्या गैरहजेरीत मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी केडगावचा कारभार सांभाळला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर उभारणी झाली. आता ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, आणि आणखी एक मोठा फरक पडला होता: शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, मुक्तीचे दार कुठल्याही जातीच्या मुलीला उघडे होते आणि सगळ्यांचे जेवण एकाच स्वयंपाकघरात शिजत होते. ज्या घराण्याला मजुरीची लाज वाटत होती त्या घराण्यातली लेक आता महार, मांग, भिल्ल, कुणबी आणि ब्राह्मण मुलींना एकाच पंगतीत बसवून विणकाम, शिवण, सुईकाम, तेलघाणी, दुभत्या जनावरांची निगा, शेती आणि छापखाना शिकवत होती. मुक्तीतल्या या उद्योगांकडे केवळ स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहिले तर त्यातला निम्मा अर्थ हातून निसटतो. श्रीनिवासाने रानात घेतलेला, पण उशीर झालेला तो निर्णय येथे वेळेवर अमलात येत होता.

छप्पनच्या दुष्काळाने या व्यवस्थेची परीक्षा पाहिली. रमाबाईंनी गुजरातेत माणसे पाठवली, त्यांनी गावोगाव आणि स्टेशनांवर हिंडून मुली गोळा केल्या, आणि १९०० च्या सुमारास मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ जाऊन पोहोचली. कित्येक मुली इतक्या क्षीण होऊन आल्या की अन्न मिळूनही त्यांचे शरीर ते पेलू शकले नाही आणि त्या दगावल्या. आसपासच्या विहिरी आटत असताना मुक्तीच्या विहिरी संध्याकाळपर्यंत तळाला जात आणि सकाळी पुन्हा त्यांत दिवसापुरते पाणी जमत असे, असे समकालीन वृत्तान्त सांगतात. मुक्तीतल्या लोकांनी यात देवाचा हात पाहिला. इतिहासकाराला एवढे म्हणता येईल की विहिरी दुष्काळापूर्वीच खणून ठेवलेल्या होत्या, आणि श्रद्धेच्या भाषेत बोलायचे तर प्रार्थनेची सुरुवात त्या खणण्यापासूनच झाली होती.

या काळात रमाबाईंनी पैशाच्या बाबतीत पत्करलेली रीत समजावून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी हजारो अनाथ मुलांचे आश्रम, कुणाहीपुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर भिस्त ठेवून चालवले होते. हडसन टेलर यांनी चीनमधले आपले मिशन त्याच तत्त्वावर उभारले होते. अशा कार्याला ‘विश्वासावर चालणारे मिशन’ म्हणतात: ठरलेला निधी नाही, मागणी नाही, आज जे आले त्यात आजचा दिवस. रमाबाईंनी या दोघांची चरित्रे वाचली होती आणि तोच मार्ग आपलासा केला होता. तरीही अमेरिकेतल्या मित्रांना त्या सविस्तर वृत्तान्त लिहीत, जमाखर्च चोख ठेवीत आणि बागेच्या उत्पन्नाचा विचार करीत, याचे भान ठेवले पाहिजे. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. आई-वडिलांच्या घरात श्रद्धा होती पण हिशोब नव्हता. मुक्तीत दोन्ही एकाच वहीत होती.

आणि मुक्ती कष्टाची जागा असली तरी उदास नव्हती, हे तेथे जाऊन आलेल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. घरांची नावे पाहिली तरी त्यामागची वृत्ती कळते: फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध आणि अपंग बायकांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंद सदन, आणि येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तमीच्या नावावरून अंध मुलींसाठी बार्तमी सदन, जेथे ब्रेल लिपी आणि वेतकाम शिकवले जात असे. माळावर वाढलेली झाडी, दगडी बांधणीचे प्रशस्त प्रार्थनामंदिर, मुलींच्या हातचे विणकाम, आणि टाळ-मृदंगावरची मराठी भजने यांनी ती जागा भरून गेली होती. ख्रिस्ती उपासना मराठी मातीतल्या चालींवर व्हावी हा आग्रह त्या काळात नारायण वामन टिळकही आपल्या पदांतून धरत होते, आणि मुक्तीच्या मुलींना ती पद्धत परकी वाटत नव्हती. ही गाणी ज्या घरात घुमत होती त्या घराच्या मालकिणीला ती वर्षागणिक कमी ऐकू येत होती, आणि तरीही तिने गाण्याचा वेळ कधी कमी केला नाही.

१९०४ मध्ये वेल्समध्ये आणि त्यानंतर तेव्हाच्या आसामातल्या खासी टेकड्यांत झालेल्या आत्मिक जागृतीच्या, म्हणजे सामूहिक पश्चात्ताप आणि उत्कट प्रार्थनेच्या लाटेच्या, बातम्या केडगावला पोहोचल्या. १९०५ च्या आरंभापासून मुली रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या आणि जूनच्या अखेरीस मुक्तीत तशीच जागृती उसळली. दिवसाचे तास विसरून मुली रडत, पापे कबूल करीत, गात आणि नाचत. काही मिशनरींना हा अतिरेक वाटला. रमाबाईंनी उलट विचारले की पाश्चात्त्यांच्या शिस्तीचा साचा हिंदी माणसाच्या भक्तीवर का लादावा. मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीला पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पंथाला, तिची प्रेरणा मिळाली. दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद इतक्या दूर उमटावा, ही गोष्ट महाराष्ट्रात मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

मुक्तीचे मोजमाप करताना एक कठीण प्रश्न टाळता येत नाही. उपासमारीने खंगलेली, जगण्यासाठी पूर्णपणे संस्थेवर अवलंबून असलेली मुलगी जेव्हा संस्थेचा धर्म स्वीकारते, तेव्हा त्या स्वीकारात तिची मोकळी निवड किती असते? तेव्हाच्या टीकाकारांनी हा प्रश्न विचारला आणि तो योग्य होता. त्याचे संपूर्ण उत्तर आज मिळणार नाही, कारण त्या मुलींपैकी फार थोड्यांचे मनोगत कागदावर उतरले आहे. परंतु टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी खडीच्या कामावरून एखादी भिल्ल किंवा मांग मुलगी उचलून आपल्या घरच्या पंगतीत बसवली, हाही प्रश्न तितक्याच जोराने विचारला गेला पाहिजे. मुक्तीतून शिक्षिका, परिचारिका, विणकर, कंपोझिटर आणि बायबलचा संदेश सांगत गावोगाव जाणाऱ्या बायका तयार झाल्या, कित्येकींचे संसार उभे राहिले, आणि ज्यांचे कुणीच नव्हते त्या तेथेच म्हाताऱ्या झाल्या. सरकारने १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले; पुण्याच्या सार्वजनिक स्मरणातून मात्र त्या तोवर बऱ्याच दूर गेल्या होत्या.

आयुष्याची अखेरची १५ हून अधिक वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळे मुक्तीतल्या साध्या बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. संस्कृतची एवढी मोठी पंडिता आपली विद्या बाजूला ठेवून अशिक्षित बाईची बोली शोधत बसली होती, यात तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड त्याग दिसतो. नवा करार १९१३ मध्ये मुक्तीच्या छापखान्यात छापला गेला. जुन्या कराराचे काम चालू असताना, २४ जुलै १९२१ रोजी, मिरजेच्या इस्पितळात मनोरमेचा मृत्यू झाला. वाँटेजला आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली, मुक्तीच्या शाळेची धुरा वाहणारी, गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभारणारी ही एकुलती एक लेक ४० वर्षांची होती, आणि संस्था पुढे तिच्या हाती जाईल अशी आईची कल्पना होती. पतीला, भावाला, आईबापांना पोहोचवून आलेल्या रमाबाईंनी हे शेवटचे ओझेही उचलले आणि मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी, ६४ वर्षे पूर्ण होण्याच्या आत, त्या वारल्या.

संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. खिळे जुळवण्यापासून पाने शिवण्यापर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले होते. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच रूढ राहिले आणि रमाबाईंची आवृत्ती फारशी पसरली नाही. ती मुख्यतः केडगावच्या परिसरात, जिच्यासाठी ती लिहिली होती त्या बाईकडून वाचली गेली.